बाण पळवणारे बैल

निमोण्याच्या जालिंदर आप्पांना उभ्या गावात कुणी किती वाजले म्हणून विचारत नाही. त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही. घरातल्या भिंतीवरचं घड्याळ दोन वर्षं सव्वाचारावर उभं आहे. भाकरी वाढून हाक मारली की आप्पा ती गार झाल्यावर येतात. पण हाच माणूस बैलगाड्याच्या घाटात टेबलामागं बसला, की सेकंदाचे शंभर तुकडे करतो आणि त्यातला एकही तुकडा कुणाला फुकट देत नाही.

घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. माळावर चढणीला आखलेली शर्यतीची वाट, तिला आमच्याकडं घाट म्हणतात. खाली झेंडा पडतो, बैल उधळतात, आणि वरच्या निशाणापाशी येईस्तोवर माणसाला आपला श्वास आठवत नाही. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. बारी बाराव्या सेकंदात आली तर पहिला नंबर, तेराव्यात दुसरा, चौदाव्यात तिसरा. बारा नव्याण्णव आणि तेरा शून्य यांच्यामधल्या एका तुकड्यासाठी सख्ख्या भावांनी एकमेकांच्या दारातलं पाणी सोडलेलं आहे. पण आप्पांनी आकडा सांगितला की भांडण तिथंच मिटायचं. बावीस वर्षं असंच चाललं होतं. आप्पांकडं जमीन बेताची, शिक्षण सातवी, आवाज घोगरा. त्यांची सगळी इस्टेट म्हणजे तो आकडा.

आकडा दाखवणारी पेटी पुण्याच्या एका कारागिरानं फार वर्षांपूर्वी बनवून दिलेली. पत्र्याची, वर लाल आकडे, आणि मागं नऊ टाचण्यांचा एक सॉकेट. त्या सॉकेटातून वायर निघायची ती एका जुन्या अवजड कॉम्प्युटरला जायची. पेटी आकडे बोलायची, कॉम्प्युटर ऐकून ठेवायचा. गेल्या पावसाळ्यात गोठ्याचं पत्र्याचं छप्पर उडालं आणि कॉम्प्युटर भिजून मेला. पेटी तेवढी राहिली, कारण ती आप्पांच्या उशाशी असते.

नेमकं याच साली कवठे येमाईच्या पलीकडच्या वाडीच्या यात्रा कमिटीनं मोठा पडदा ठरवला. ट्रकवर बसवलेला, भिंतीएवढा. कमिटीचे अध्यक्ष हौसराव आप्पांच्या ओसरीवर येऊन बसले आणि चहा संपल्यावर म्हणाले, "आप्पा, आता सेकंद पडद्यावर दिसला पायजे. पब्लिकला कानानं ऐकून पटत न्हाई. तुमच्याच्यानं होत नसंल तर सांगा, पुढल्या सालापासनं दुसरं घड्याळ बघतो. राग नसावा."

आप्पांना राग आला नाही. हौसराव उठायच्या आत त्यांनी उशाशी ठेवलेली पेटी आणून मांडीवर घेतली.

सून सुलक्षणा रांजणगावच्या कंपनीत ऑफिसात कामाला. तिनं आपला लॅपटॉप दिला. कागदासारखा पातळ. आप्पांनी तो गाय विकत घेताना बघावी तसा चारी बाजूंनी बघितला आणि म्हणाले, "ह्याला भोकच न्हाई गं."

"आता अशी भोकं देत न्हाईत, मामा."

"मग माणसं पेट्या कुठं लावत्यात?"

"पेट्याच नसत्यात कुणाकडं."

शिरूरच्या दुकानदारानं एक जोडवायर दिली. तिच्या एका टोकाला नऊ टाचण्यांचं तोंड, दुसऱ्या टोकाला लॅपटॉपात जाईल असं चपटं. ती लावली तरी लॅपटॉपचा पडदा कोराच. दुकानदार हात वर करून म्हणाला, "दौंडला चांगदेवराव म्हणून आहेत. रेल्वेच्या टेलिफोन खात्यातनं रिटायर झालेत. असल्या म्हाताऱ्या मशिनींची भाषा त्यांनाच येते."

आप्पा पेटी मांडीवर आणि लॅपटॉप पिशवीत घेऊन न्हावऱ्याला एसटी बदलून दौंडला गेले. चांगदेवरावांच्या बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली रेल्वेचा निरोपाचा फोटो, आणि त्याखाली इतक्या वायरी की घरात वेल चढल्यासारखं वाटावं. चांगदेवरावांनी चष्मा कपाळावर चढवला, पेटी उघडली, आत वास घेतला.

"भंडारा," ते म्हणाले.

"देवीचा हाय."

"देवीचा असू द्या. आप्पा, मी चाळीस वर्षं मशिनी उघडल्या. हळद घातलेली पहिल्यांदा बघतोय. आता फोडणी तेवढी राहिली."

दुपारपर्यंत त्यांनी पेटी साफ केली. मग आकडे ऐकणारा आप्पांचा जुना प्रोग्रॅम लॅपटॉपात घातला. त्या प्रोग्रॅमला वायरीनं आत यायची चारच दारं माहीत होती आणि लॅपटॉपनं जोडवायरीला अकरावं दार दिलं होतं. चांगदेवरावांनी ते बदलून तिसरं केलं, आणि पडद्यावर पेटीतला लाल आकडा जसाच्या तसा उभा राहिला. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

"थांबा, हुरळू नका," चांगदेवराव म्हणाले. "एक नेम पाळायचा. आधी वायर लावायची, मग पेटी चालू करायची. उलटं करायचं न्हाई. तुमची पेटी चालू झाली की तोंड मिटत न्हाई, सारखी आकडे बोलते. ती बोलत असताना वायर लावली, तर लॅपटॉपला वाटतं हा माऊसच आला. मग तुमचे सेकंद तो सेकंद म्हणून घेत न्हाई. त्यांच्यावर पडद्यावरचा बाण पळवतो."

"आधी वायर, मग पेटी," आप्पांनी पाठ केलं. एसटीत सुद्धा ते हेच पुटपुटत होते. शेजारच्या बाईला वाटलं, जप चाललाय.

यात्रेच्या दिवशी सकाळी आप्पांनी सगळं नेमानं मांडलं. टेबल, ट्रकवरच्या पडद्याला जोडलेला लॅपटॉप, पेटीची वायर लावलेली, पेटी बंद. सुलक्षणा शेजारी खुर्चीवर. तिनं त्यासाठी रजा टाकली होती. माळ माणसांनी भरला होता. निवेदक माऊली माईकवरून एकेका गाडामालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता, चांगल्या अर्थानं. एवढ्यात हौसराव पूजेचं ताट घेऊन आले आणि त्यांची नजर वायरीवर पडली.

"हे काय? काढा ती."

"हौसराव, वायर आधीच पायजे. दौंडच्या—"

"दौंडचं दौंडला. आप्पा, तुम्ही जाणते. आपण बैल पुजतो तवा दावं सोडून पुजतो का न्हाई? बांधलेल्या जनावराची पूजा देवी घेत न्हाई. घड्याळ मोकळं करा."

आप्पांच्या बापानंही बांधलेला बैल कधी पुजला नव्हता. वायर निघाली. पेटीवर नारळाचं पाणी शिंपडलं, हार पडला, भंडारा उधळला. लगोलग देवीच्या मानाची बारी खाली उभी राहिली, आणि रिवाज असा, की मानाच्या बारीला घड्याळ चालू व्हायचं आणि शेवटच्या बारीपर्यंत बंद व्हायचं नाही. मधेच घड्याळ बंद पडलं तर देवी पाठ फिरवते. आप्पांनी बटण दाबलं. लाल आकडे पेटले. पेटी बोलायला लागली. आणि तेव्हा कुठं हौसराव प्रसन्न होऊन म्हणाले, "हां, आता बांधा तुमचं दावं."

आप्पांनी डोळे मिटून वायर लावली.

पडद्यावर बाण एका कोपऱ्यात जाऊन थरथरत उभा राहिला, थंडीतल्या पिलासारखा.

मानाची ही पहिली बारी सोपानरावांची. झेंडा पडला, बैल सुटले, पेटीतले आकडे धावू लागले, आणि भिंतीएवढ्या पडद्यावर बाण उधळला. वर गेला, खाली आला, तीनदा आपटला. बैल निशाणाला पोचले तेव्हा पडद्यावर एक कॅल्क्युलेटर उघडला होता आणि त्यात नऊ आकडी रक्कम भरलेली होती.

मग माऊलीचा आवाज फुटला. "आन् सोपानरावांच्या बारीनं उघडलाय... क्याल्क्युलेटर!"

टाळ्या. शिट्ट्या. आप्पा उठून ओरडले, "बारा चौऱ्याऐंशी! बारा चौऱ्याऐंशी!" पण माईक माऊलीकडं होता. आप्पांचा घोगरा आवाज टेबलाच्या पायाशीच पडला. त्यांनी पेटीवरचा आकडा वहीत लिहिला आणि खाली बसले.

दुसऱ्या बारीनं सुलक्षणाचा फोटो उघडला, कंपनीच्या सहलीतला, उंटावर बसलेला. तिनं पदरानं तोंड झाकलं. तिसऱ्या बारीनं हवामान दाखवलं. चौथीनं काहीच उघडलं नाही, तर त्या मालकानं बैलांना काही म्हणायचं सोडून झेंडेवाल्याशी भांडण काढलं. आता माणसं निशाणाकडं बघतच नव्हती. सगळ्यांच्या माना पडद्याकडं. आप्पा प्रत्येक बारीला वहीत आकडा लिहीत होते आणि प्रत्येक आकडा त्यांना विहिरीत टाकलेल्या खड्यासारखा वाटत होता.

सातवी बारी पोपटरावांची. त्यांचे बैल वजनानं भारी, पायानं सावकाश. पण बाणाला त्याचं काय? बाण गरगरला, एका पिवळ्या फाईलवर दोनदा आपटला, आणि पडद्यावर सुलक्षणाच्या लग्नाची वरात सुरू झाली. बँजो वाजत होता. आणि घोळक्याच्या मधोमध, टोपी उडालेली, दातात रुमालाचं टोक धरून, जालिंदर आप्पा नागीण होऊन जमिनीवर लोळत होते. भिंतीएवढे.

माळ हसून फुटला. पोपटरावांना माणसांनी खांद्यावर घेतलं. भंडाऱ्यानं आभाळ पिवळं झालं.

"एक नंबर!" माऊली किंचाळला. "अख्खी वरात उघडली!"

सोपानराव टेबलापाशी धावत आले. "अध्यक्ष, हा न्याव हाय का? माझ्या बैलाला क्याल्क्युलेटर आन् ह्याला वरात?"

"बैलानं काय उघडावं हे कमिटीच्या हातात हाय का?" हौसराव म्हणाले. पण गोष्ट त्यांना पटली असावी, कारण कमिटी तिथल्या तिथं उभ्यानं बसली आणि नियम झाला : हलणारं चित्र उघडलं तर पहिला नंबर, उभं चित्र दुसरा, बाकी सगळं तिसरा. माऊलीनं तो माईकवर वाचला. कुणी हरकत घेतली नाही. उलट पुढचे मालक आपल्या बैलांच्या कानात काही सांगताना दिसले.

आप्पांनी दौंडला फोन लावला. चांगदेवरावांनी सगळं ऐकून घेतलं. मधे ते बराच वेळ खोकले, किंवा हसले.

"उपाय सोपाय, आप्पा. पेटी बंद करा. वायर काढा. परत लावा. मग पेटी चालू करा. एवढंच."

"एवढंच न्हाई हो ते. पेटी बंद करता येत न्हाई. देवीचा रिवाज हाय."

"मग बैलांना सांगा, आता गणपतीचा फोटो उघडा."

"चेष्टा करू नका साहेब."

पलीकडून आवाज बदलला. "न्हाई करत. पण आप्पा, माझ्याकडं एवढं एकच उत्तर हाय. बटण तुमच्या हाताखाली हाय, माझ्या न्हाई."

आप्पांनी फोन ठेवला. खाली पुढची बारी उभी राहत होती. पेटी बंद केली तर देवी रागावणार, कमिटी रागावणार, पुढच्या साली घाट गेला. नाही केली तरी घाट गेलाच होता. उद्यापासून तालुक्यात आप्पांच्या आकड्याला कुणी विचारणार नव्हतं. वरात आणि उंट तेवढे लक्षात राहणार होते. सुलक्षणा हळूच म्हणाली, "मामा, देवीला तरी खरा सेकंद आवडंल का उंट?"

आप्पांनी टोपी काढली. देवळाच्या कळसाकडं बघून म्हणाले, "माये, जरा डोळं मीट." आणि बटण दाबलं.

लाल आकडे विझले. ते बघून पहिली रांग गप्प झाली, मग दुसरी, आणि मग सगळा माळ. कुठं तरी एका बैलानं नाक फुरफुरवलं. हौसराव हात वर करून धावत सुटले. आप्पांनी वायर काढली, लावली, लॅपटॉपावर तिसरं दार आलेलं सुलक्षणानं मान हलवून सांगितलं, आणि बटण पुन्हा दाबलं. मधे किती वेळ गेला, कुणाला ठाऊक नाही. त्या दिवसातला तेवढाच वेळ घाटात कुणी मोजला नाही.

पडद्यावर चार शून्यं उभी राहिली. बाण हलला नाही.

"आप्पा, काय केलंत हे!" हौसराव धापा टाकत म्हणाले.

"पाप केलं. माझ्या नावावर लिवा." आप्पांनी माऊलीच्या हातून माईक काढून घेतला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. "ऐका. झालेल्या बाऱ्यांचा टाईम माझ्याकडं हाय. सोपानराव, बारा चौऱ्याऐंशी." ते एकेक वाचत गेले. घोगरा आवाज घाटभर फिरला. "पोपटराव, चौदा एकसष्ट."

पोपटराव अजून खांद्यावर होते. तिथूनच गरजले, "चौदा? आवं, अख्खं लग्न उघडलं माझ्या बैलांनी!"

"उघडलं. पण चौदाला उघडलं."

पोपटराव खांद्यावरून उतरले. अंगावरचा भंडारा झटकला, टेबलाशी आले, आणि वहीत वाकून बघितलं. त्यांना वाचता येत नव्हतं हे आप्पांना माहीत होतं.

"एकसष्ट का साठ?"

"एकसष्ट."

पोपटरावांनी वही मिटून आप्पांच्या हातात दिली. मग म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या. आप्पांनी सांगितलं म्हंजी झालं," आणि बैलांच्या तोंडावरून हात फिरवायला निघून गेले.

ज्याचा नंबर गेला त्यानंच मानल्यावर कमिटीला बोलायला जागा उरली नाही. पुढची बारी सुटली. पडद्यावर आकडे धावले आणि बारा शून्य आठवर थांबले. कुणी तरी मागून ओरडलं, "एवढंच व्हय?" पण गाडामालकांनी मागं वळून बघितलं नाही. ते आकडा बघत होते.

दिवस कलता शेवटची बारी झाली. हौसरावांनी पुढच्या सालच्या आमंत्रणाचा नारळ आप्पांच्या ओंजळीत ठेवला, पण हात काही लगेच सोडला नाही. "घाट तुमचाच, आप्पा. देवीला मी समजावतो. फक्त एक ऐका. पब्लिक मागतंय. पुढल्या साली शेवटच्या एका बारीला तेवढा तो बाण..."

"न्हाई."

"एकच बारी हो. वरात लई गाजली."

आप्पांनी नारळ ओढून घेतला आणि पेटी काखेत मारली. "वरात बघायची असंल तर निमोण्याला या. जेवा, बसा. मी अंगणात नाचून दावतो. घाटात मातर सेकंदच मिळंल."