तिने सांगितलं होतं

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला कदाचित सांगितलं असतं, पण ती गेल्या वर्षी गेली. उरलात तुम्ही. आपली ओळख नाही, म्हणूनच कदाचित जमेल.

मी प्रसूतितज्ज्ञ आहे. नागपूरला शिकले, मग इंग्लंडला आले, आता लंडनच्या हॅरो भागात घर आहे. ज्युनिअर डॉक्टरांना मी शिकवते — पेशंट काय सांगते ते आधी ऐका. हे शिकवताना माझा आवाज कधी कापत नाही. कापायला हवा, नाही का?

हे घडलं तेव्हा मी इथल्याच दुसऱ्या एका शहरात रजिस्ट्रार, म्हणजे सीनिअरांच्या हाताखालची डॉक्टर होते. ग्रेस दुपारी क्लिनिकमध्ये आली. लायब्ररीत नोकरी करायची. आईवडील घानाहून आलेले, ती इथेच जन्मलेली. पहिलंच बाळ, आठवा महिना. तिने एक कागद आणला होता. तीन दिवस डोकं दुखतंय. डोळ्यांपुढे चमकतंय. उजव्या बरगडीखाली दुखतंय. सगळं तारखेनिशी लिहिलेलं. तिने ते शांतपणे वाचून दाखवलं आणि फाइलला लावायला कागद माझ्याकडे दिला.

गरोदरपणात ही धोक्याची लक्षणं; तुम्ही म्हणाल, एवढं सांगितल्यावर कुणीही रक्त तपासलं असतं. हो. पण मला — कसं सांगू — तो कागदच खटकला. वाटलं, ही मला शिकवायला आली आहे. ब्लडप्रेशर थोडंसंच वर होतं. मी म्हटलं, ॲसिडिटी असेल, पॅरासिटामॉल घ्या, आराम करा.

ती उठली नाही. "डॉक्टर, माझं शरीर मला कळतं. हे नेहमीचं दुखणं नाही. माझं रक्त तपासा."

मी गरज नाही म्हटलं.

"मग मी मागितलं आणि तुम्ही नाही म्हणालात, एवढं नोट्समध्ये लिहा."

मी हो म्हणून मान हलवली. आणि लिहिलं — पेशंट फार घाबरट, हटवादी. डोकेदुखीचं एक अक्षर नाही. ती गेल्यावर कागद केराच्या टोपलीत टाकला.

ती गोरी असती तर? या प्रश्नाला मी वर्षानुवर्षं बगल दिली. गर्दी होती, दमले होते — सगळं खरं. पण त्याच दुपारी एका गोऱ्या शिक्षिकेचं रक्त मी नुसत्या 'बरं वाटत नाही'वर तपासायला पाठवलं होतं. काळ्या बायका उगाच कांगावा करतात, असं चहा पिताना कुणीतरी म्हणायचं आणि मी हसायचे. तेही मला इथे शिकावं लागलं नव्हतं. रंगावरून माणूस तोलायला मी घरीच शिकले होते.

दोन दिवसांनी ब्लडप्रेशर भडकून ग्रेसला घरी झटके आले. ती वाचली. मुलगी पोटातच गेली.

एवढंच असतं तर त्याला चूक म्हटलं असतं. डॉक्टरांच्या हातून चुका होतात. पण मी जे केलं — ते नंतर केलं.

ग्रेसच्या तक्रारीवरून हॉस्पिटलात चौकशीची बैठक झाली. एका बाजूला मी आणि माझे सीनिअर, समोर ग्रेस आणि तिचा नवरा. चौकशी करणाऱ्यांनी मला विचारलं, पेशंट डोकेदुखीबद्दल काही बोलली होती का?

"नाही," मी म्हणाले. "तसा काही उल्लेख त्यांनी केला नव्हता."

ग्रेस ओरडली नाही. "मी सांगितलं होतं. कागदही दिला होता."

कागद मला आठवत नाही, असं मी म्हणाले. तेव्हा तिचा नवरा तिच्याकडे वळला आणि अगदी हळू, मायेनेच म्हणाला, "तू नक्की सांगितलं होतंस ना?"

मूल गेलेल्या बाईचा चेहरा मी खूपदा पाहिला आहे. हा वेगळा होता. ती आठवत होती — खरंच बोलले, की नुसतं मनात म्हटलं? मी बघत राहिले. तेव्हाही बोलता आलं असतं. मी पाण्याचा घोट घेतला.

लक्षणं वेळेवर सांगितली गेली नाहीत, असं अहवालात आलं. काही महिन्यांनी सीनिअरांनी मला तिचं पत्र दाखवलं. तिने तक्रार मागे घेतली होती. कदाचित मीच पुरेसं स्पष्ट बोलले नसेन, असं लिहिलं होतं. डॉक्टरांना मनस्ताप झाला असेल तर माफ करा, असंही. "सुटलीस," सीनिअर म्हणाले. मीही सुटल्यासारखी हसले.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. सातव्या महिन्यात डोकं दुखलं. माझं रक्त दहा मिनिटांत तपासायला गेलं, कुणी एक प्रश्नही विचारला नाही. माझी मुलगी आता शाळेत जाते.

ग्रेसला खरं कळवायला एक पत्र पुरेल. डॉक्टर म्हणून माझी नोंदणी जाईल, बाकी काय व्हायचं ते होईल. पत्ता मिळवणं अवघड नाही. ते पत्र मी लिहिलेलं नाही. लिहीन असंही वाटत नाही. आणि हे जे लिहिते आहे ते मराठीत — तिला कधीच वाचता येणार नाही अशा भाषेत. हे आपोआप झालेलं नाही. विचार करून ठरवलं आहे.