खारट भाजीची शिक्षा

पालमच्या बसस्टँडमागं माझा दवाखाना होता, तेव्हाची ही गोष्ट. आजही आठवली की माझं डोकं फिरतं. लोक म्हणतात, बाई, इतकी वर्षं झाली, सोडा आता. का सोडू? मी नाही सोडणार.

जवळच्या खेड्यातल्या एका दुकानदाराची थोरली मुलगी. महादेवाचं करणारं, खाऊनपिऊन सुखी घर. बारा-तेरा वर्षांची असताना पोरीचे हात थरथरायला लागले. मग जीभ जड झाली, तोंडातून लाळ गळू लागली. अक्षर बिघडलं म्हणून गुरुजींनी छड्या मारल्या, कुणाची तरी नजर लागली म्हणून आजीनं मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. माझ्याकडं आणली तेव्हा तिच्या बुबुळाच्या कडेला मला तपकिरी झाक दिसली. पुस्तकात वाचली होती, डोळ्यानं कधी बघितली नव्हती. मी त्यांना मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि तिथं माझी शंका खरी निघाली.

आपल्या अन्नात थोडं तांबं असतंच. जास्तीचं तांबं लिव्हरमधून बाहेर टाकायचं काम एक एंझाइम करतं. या पोरीचं ते एंझाइम जन्मापासून कामाचं नव्हतं. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच असं होतं, आणि ते दोघं मात्र ठणठणीत असतात. तांबं आधी लिव्हरमध्ये साठतं, मग मेंदूत. त्यावर एक कॅप्सूल होती, तांबं लघवीवाटे बाहेर काढणारी. रोज अनशापोटी घ्यायची, जन्मभर. मुंबईच्या डॉक्टरांनी सुरुवात करून दिली आणि पुढच्या चिठ्ठ्या मी लिहायच्या असं ठरलं.

दर वेळी चिठ्ठी देताना ‘जन्मभर’ हा शब्द मी मोठ्यानं म्हणायची. बाप मान डोलवायचा. पालमचं सोडाच, हे औषध परभणीतही मिळत नव्हतं. तिथला एक औषधवाला मुंबईहून मागवायचा आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती माझ्याकडं पाठवायचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. आज मोर्चा, उद्या बंद, परवा रस्त्यात पेटलेले टायर. गाड्या थांबल्या की औषध परभणीतच अडकायचं. एकदा तर ओळखीच्या माणसाच्या मोटारसायकलवर मागं बसून मी स्वतः परभणी गाठली, पण औषधाचा खाडा पडू दिला नाही.

आणि पोरगी सुधारली की हो! हात थांबला, बोलणं कळायला लागलं. दवाखान्यात आली की मुद्दाम माझा चहा कपात ओतायची, थेंब सांडू द्यायची नाही. वर म्हणायची, “बगा बाई!”

एकच खोट होती. या कॅप्सूलनं काहींच्या जिभेची चव जाते. तिची गेली. “गूळ आन् माती मला एकच लागायलंय,” म्हणाली. मी म्हटलं, पुष्कळांची परत येते, धीर धर. तर म्हणते कशी, “न्हाई आली तरी चालंल. हात थांबला की.” त्या घरात शहाणी म्हणून तेवढी एकच होती.

ती लग्नाची झाली आणि पाथरीकडचं एक स्थळ आलं. आमच्याकडं बघायला आलेल्या बाया नुसता चेहरा बघून उठत नाहीत, पोरीच्या हातचं जेवतात. आणि त्यातली एखादी चुलीपाशी बूड टेकून बसते, दुसऱ्या कुणी भाजीला हात लावला तर कळावं म्हणून. इथं मुलाची आत्या बसली. आईला मीठ घालता येईना. पोरीनं वांग्यात अंदाजानं मीठ टाकलं. मग घाबरून टाकलं की नाही तेच आठवेना. चाखलं तर काही लागेना. पुन्हा टाकलं.

आत्याबाईंनी पहिल्या घासालाच ताट सारलं. “जिला मीठ कळंना, ती संसार काय करंल?” वा गं शहाणे! मरणाच्या दारातून परत आलेली पोर तुला दिसली नाही, वांग्यातलं मीठ तेवढं कळलं! आणि मी म्हणते, सासूनं घातलं असतं मीठ, तर तिचे हात झडले असते का?

यातलं तेव्हा मला कुणी काही सांगितलं नाही. घरातल्यांनी आपलं आपणच ठरवलं, जीभ ठिकाणावर येईपर्यंत कॅप्सूल बंद. लग्न जमलं की बघू. बाप तरीही माझ्याकडून कॅप्सूलची डबी घेऊन जायचा. पोर कशी आहे विचारलं की, “मजेत हाय बाई, लय कामात हाय.” खोटारडा! चव परत आली. दुसरं स्थळ आलं, त्यांना भाजी आवडली, सुपारी फुटली.

तिथी धरायच्या आधीच पोरीला जीपमध्ये घालून माझ्या दारात आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट पाण्यानं फुगलेलं.

“गोळी कधीपासून बंद आहे?” मी ओरडलेच.

“तुमीच म्हणला व्हता, बरी झाली म्हणून,” आई म्हणाली.

“औषधावर बरी होती! औषधावर!”

बाप खाली बघत पुटपुटला, “लगीन जमत नव्हतं बाई.”

“मग लावा आता जमलेलं लगीन!” मी म्हणाले. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. राहू देत.

परभणीला नेलं, तिथून औरंगाबादला. कॅप्सूल पुन्हा सुरू केली, पण लिव्हरनं तेवढी सवड दिली नाही. पोर गेली. ठरलेल्या मुलानं त्याच लग्नसराईत दुसरी केली. आणि गावात बोलणं काय? डॉक्टरणीच्या कडक गोळ्यांनी पोरगी खाल्ली!

मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्या धाकट्या बहिणीलाही तपासून घ्या म्हणून बजावलं होतं, कारण हे भावंडांत असू शकतं. बापानं ते कधीच मनावर घेतलं नाही. म्हणे, एकीला नाव लागलं तेवढं बास. सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

एका दुपारी पोरीची आई त्या धाकटीला घेऊन एकटीच एसटीनं आली. “घरच्यांला सांगून न्हाई आले,” म्हणाली.

माझा राग कुठं गेला होता? मी फाडकन म्हणाले, “हिला कशाला आणलंत? हिचंही लग्न करायचंय ना? निघाला आजार तर हीच कॅप्सूल, हिचीही चव जाईल.”

ती रडली नाही. पोरीला खिडकीपाशी उजेडात ओढलं आणि अंगठ्यानं तिच्या पापण्या उघडून धरल्या. “बगा.”

मी बघितलं. “डोळ्यात अजून काही नाही. पण तेवढ्यानं भागत नाही, मुंबईलाच तपासायला लागेल.”

“मग मुंबईची चिठ्ठी लिवा. कुणी न्हाई केली तर ऱ्हाईल माझ्यापाशी. आळणी, खारट, जसं रांधंल तसं मी खाईन. लिवा तुमी.”