टाकीतून आलेली धाकटी

तिला सगळे पाणकोंबडी म्हणत. चालायच्या आधी ती पोहायला शिकली, असं आई सांगायची, आणि त्यात थाप कमी आणि खरं जास्त होतं. विशीच्या आत नोकरी लागली तीही पाण्यातच: संशोधन केंद्रातल्या खोल टाकीचं शेवाळ खरवडायची.

टाकीच्या तळाशी एक गोल चौकट होती. तिच्यापलीकडे आपल्यासारखंच दुसरं जग आहे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिकडचा काळ मात्र फार झपाट्याने पळायचा. इथला महिना म्हणजे तिकडचं जवळजवळ वर्ष. चौकटीतून फक्त यंत्रं जा-ये करतात, माणसाला बंदी आहे, असं केंद्राचे साहेब सांगत.

नोकरीला दोन वर्षं होत आली असताना, एका दुपारी ती चौकटीपाशी घासत होती तेव्हा पलीकडून एक मुलगी बाहेर आली. चेहरा थेट पाणकोंबडीचा, निळा पडत चाललेला. बुडणारं माणूस कोण, हे नंतर बघायचं असतं. आपल्या तोंडातली हवेची नळी तिने तिच्या तोंडात खुपसली आणि आळीपाळीने श्वास घेत दोघी वर आल्या.

पंपाच्या खोलीत ती मुलगी थरथरत बसली. धाप ओसरल्यावर म्हणाली, "नोकरीला लागताना तुझं रक्त घेतलं होतं ना? तुमच्या साहेबांनी ते तिकडे पाठवलं. तिकडच्यांनी त्यातून आम्हाला वाढवलं."

"आम्हाला म्हणजे?"

"बऱ्याच जणी आहोत. माणूस पार होतं का, ते बघायला एकेकीला ढकलतात. आधीच्या सगळ्या पाण्यातच गेल्या. उद्या माझी पाळी होती. म्हटलं, मरायचंच तर आपल्या मर्जीने."

बाहेर भोंगा वाजू लागला. पाणकोंबडीने आपले कोरडे कपडे आणि ओळखपत्र तिला दिलं. "फाटकावर रखवालदारकाका थट्टा करतील. हसायचं आणि चालू पडायचं. समोरच्या गल्लीत शेवटचं दार. आई आहे घरात."

खिडकीच्या फटीतून ती बघत राहिली. रखवालदाराने हात आडवा घातला. "काय गं पाणकोंबडे, आज लवकर सुट्टी?"

मुलगी हसलीच नाही. नुसती बघत राहिली.

"बरं नाही का वाटत? जा, घरी जाऊन पड," म्हणत रखवालदाराने फाटक उघडलं.

इकडे साहेब खोलीत शिरले. "खाली कोणी दिसलं?"

"शेवाळ दिसलं."

त्यांनी फाटकावर फोन लावला, ऐकलं आणि हळूच खाली ठेवला. "तू तर आत्ताच बाहेर पडलीस म्हणे."

"पडले ना. मग तुमच्यासमोर उभी आहे ती कोण, आणि कुणाच्या रक्तातून कोण वाढलं, ते लोकांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ते दारातून बाजूला झाले.

घरी आईने त्या मुलीचे केस पुसून, आपला स्वेटर घालून तिला बसवलं होतं. "ही तू नव्हेस हे दारातच कळलं," आई म्हणाली. "ही पाय पुसून आत आली. पण ओल्या केसांची पोर दारात ठेवतं का कोणी?"

तेव्हापासून ती धाकटी झाली. दोघींनी सगळं उघड केलं. साहेब तुरुंगात गेले, पण चौकशीपायी टाकीलाही कुलूप लागलं आणि चौकट दोन्हीकडून बंद झाली. "इथे तारखा पडतात, तिकडे त्यांचं आयुष्य सरतंय," धाकटी म्हणायची, आणि जेवण टाकून उठायची. कोर्टाचे उंबरठे झिजवण्यात तीन हिवाळे गेले. तेवढ्या काळात धाकटी पोहायलाही शिकली.

कुलूप निघालं तेव्हा यंत्राबरोबर तिकडे निरोप पाठवून दोघी बहिणी जास्तीच्या नळ्या घेऊन चौकटीपाशी उतरल्या. राहिलेल्या सगळ्या जिवंत वर आल्या, पण केस पिकलेल्या. त्यातली एक तर आईहून थकलेली दिसत होती. तिला "ये गं बाळ" म्हणावं की "या ताई", टाकीच्या काठावर उभ्या आईला कळेना. तिने नुसतं पांघरूण उघडून धरलं.