चकचकरावांचे रंगाचे हात

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळी गल्ली चकचकराव म्हणते. कुलूप, बादलीची कडी, चपलेचं बक्कल, हाती लागेल ते ते घासतात नाहीतर रंगवतात. अकलेवर मात्र त्यांनी कधी फडका फिरवला नाही.

दारात त्यांच्या सासऱ्यांची जुनी मोटार असते. गेल्या वर्षी तिचं इंजिन खोलून त्यांनी सगळं काळ्या रंगाने माखलं, आणि तेव्हापासून चार्जिंगचा काटा वजाकडेच पडून राहिला. इंजिनावर फिरून वीज तयार करतो तो ऑल्टरनेटर; त्याची वीज बॅटरीपर्यंत पोहोचेना. गाडी भर चौकात बसायची. राव स्टिअरिंगवर, धक्क्याला वहिनी.

शेवटी वहिनींनी निक्षून सांगितलं, "रविवारी ही माझ्या माहेरी जाऊन आपल्या पायांनी परत आली तर ठेवा. नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय."

राव हादरले. त्यांनी बॅटरी बदलली, पट्टा ताणला, वायरी नव्या घातल्या. ऑल्टरनेटर तर तिसरा आणला. काटा ढिम्म.

"बनवणारेच बिनडोक, लेकाचे!" अख्ख्या जगाला अक्कल नाही, हा निष्कर्ष त्यांना जन्मभर सोयीचा पडत आला आहे.

शनिवारी ते वीज मोजायचं मीटर घेऊन बसले. एक टोक बॅटरीच्या अधिक बाजूला, दुसरं ऑल्टरनेटरच्या अंगाला. शून्य.

"मीटरसुद्धा फालतू!"

वहिनी पायरीवर भाजी निवडत होत्या. "अहो, हा ऑल्टरनेटर आणलात तेव्हा रुपेरी होता ना?"

"होता. मी रंगाचे दोन हात दिले. आधीच्या दोघांनाही दिले होते. उघडाबोडका बसवू की काय?"

"आणि तो ज्या पट्टीवर आवळलाय, ती?"

"तिला तीन हात!" राव अभिमानाने म्हणाले.

"म्हणजे मीटर रंगाला टेकवलंत. त्याला रंगातून वीज मिळेना, तर गाडीला कुठून मिळणार?"

वीज एका वायरीने बॅटरीकडे जाते, पण तिची परतीची वाट ऑल्टरनेटरच्या अंगातून, त्या पट्टीतून असते. ती वाट या महाशयांनी दर वेळी नव्या उत्साहाने लिंपून टाकली होती.

"पण इतका सुंदर रंग खरवडायचा?"

"मग रंग ठेवा, गाडी देऊन टाका."

राव कानस घेऊन बसले. स्वतःचीच कातडी सोलत असल्यासारखा चेहरा. पट्टी जिथे टेकते तिथला धातू उघडा पडला, बोल्ट आवळले, गाडी सुरू केली. काटा थरथरला आणि अधिककडे सरकला.

"बघितलंस? काढला की नाही दोष शोधून!" राव म्हणाले. वहिनी भाजी उचलून आत गेल्या.

रविवारी गाडी माहेरी जाऊन धक्क्याविना परतली. सोमवारी भंगारवाला आला तेव्हा वहिनींनी त्याच्या हातगाडीवर काळ्या रंगाचे डबे ठेवले.

राव धावत बाहेर आले. "अगं, त्यातला एक अर्धा भरलेला आहे!"

"म्हणूनच," वहिनी म्हणाल्या.