पाच फूट एक इंच

माझे मिस्टर गवंडी आणि मी अंगणवाडी सेविका, त्यामुळे आमच्या घरात दोन मापं चालतात. त्यांचं सगळं फूट, इंच आणि सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. भिंत एका सुतानं बाहेर गेली तर त्यांना जेवण गोड लागत नाही. माझं सगळं सेंटिमीटर आणि किलो. गावातल्या पोरांना दर महिन्याला तराजूत बसवायचं, पट्टीला उभं करायचं, आकडा भरायचा. शंभर ग्रॅम इकडचे तिकडे झाले की लेकरू तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात जातं, म्हणून मापाच्या बाबतीत मीही कडकच.

आमची मुलगी मात्र बापाच्या मापात वाढली. त्यांनी कधीतरी तिला भिंतीला उभं करून सांगून टाकलं होतं, पाच फूट एक इंच. तेच आम्ही धरून चाललो. नात्यात स्थळांचा विषय निघाला तरी तोच आकडा सांगायचो.

बारावी झाली आणि तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते आणि ती मोबाईलवर जाहिरात वाचत चुलीपाशी बसली होती.

"आई, मुलींना उंची एकशे पंचावन्न सेंटिमीटर लागते. मी किती?"

"एकसष्ट इंच. गुणिले दोन पॉइंट चोपन्न कर."

तिनं केलं. मग पुन्हा केलं.

"एकशे चोपन्न पॉइंट चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "म्हणजे पंचावन्नच की. पूर्णांकात धरलं तर."

"तिथं धरत नाहीत गं."

मिस्टर नुकतेच कामावरून येऊन हातावरचं सिमेंट धूत होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "किती कमी पडतंय?"

"अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर."

"सुतात सांग."

सूत तीन मिलिमीटरपेक्षा थोडं मोठं. मी म्हणाले, "सुताचा पाचवा हिस्सा."

ते मोठ्यानं हसले. "एवढं तर प्लास्टरात बी घावत न्हाई. ये इकडं, उभी राह्य." खिशातला टेप काढून त्यांनी तिला भिंतीला लावलं. ती दिवसभर कांदा लागवडीला गेली होती, पायाला अजून माती होती. त्यांनी मोजलं आणि त्यांचं हसू थांबलं. पुन्हा मोजलं. पाच फूट एक इंचाला दोन सूत कमी.

"पप्पा, नीट धरा ना."

तिसऱ्यांदाही तेच आलं. टेप सुर्रकन आत गेला. पोरगी ताटावर बसली, पण तिनं भाकरी मोडलीच नाही. मिस्टर तिच्याकडे न बघता वरण भुरकत राहिले.

मला आठवलं, आमच्या प्रशिक्षणात एक मॅडम बोलता बोलता म्हणाल्या होत्या की माणूस दिवसभर उभं राहून, वाकून, ओझं उचलून थोडा दबतो आणि झोपून उठला की पुन्हा लांब होतो. तेव्हा आम्ही बाया हसलो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुलीला अंथरुणातून उठवलं ती थेट भिंतीपाशी नेली. तोंडही धुऊ दिलं नाही. मिस्टरांनी टेप लावला.

"एक इंचावर एक सूत!" ते ओरडले.

मी हिशोब केला. एकशे पंचावन्न आणि वर पाव सेंटिमीटर. संध्याकाळचं आणि सकाळचं अंतर तीन सुतांचं, म्हणजे जवळजवळ एक सेंटिमीटर. सगळ्या उंचीच्या मानानं अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त, आणि अटीची रेघ नेमकी त्या मधल्या जागेत. माझी मुलगी सकाळी पोलीस होऊ शकत होती, संध्याकाळी नाही.

"माझं बी घे," मिस्टर अचानक म्हणाले. भिंतीला पाठ लावून शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहिले. लग्नात ते पाच फूट सहा इंच होते, हे मला पक्कं माहीत आहे, कारण माझ्या भावाशी त्यांनी पैज लावून मोजून घेतलं होतं. आता सकाळच्या वेळेलाही पाच फूट पाच इंचच भरले. एक इंच गेला होता. सहासष्टातला एक, म्हणजे दीड टक्का. इतकी वर्षं डोक्यावर घमेली आणि खांद्यावर सिमेंटच्या गोण्या वाहिल्यावर दुसरं काय होणार?

"किती आलं?" त्यांनी विचारलं.

"जेवढं होतं तेवढंच," मी म्हणाले. ते टेप बघायला वळले, पण मी तोवर तो सोडून दिला होता.

उंचीचं काय करायचं ते पुढं बघू म्हणून मुलीनं पळायला सुरुवात केली. आठशे मीटर पळायचं होतं. गावाबाहेर पाझर तलावाच्या बांधावर मोकळा रस्ता आहे. मिस्टरांनी शंभर फुटी टेप आणला आणि मला विचारून विचारून मीटरचे फूट केले. सव्वीस टेप आणि वर पंचवीस फूट. शेवटी चार इंच जास्त जात होते. "जाऊ दे, जास्तच पळू दे," म्हणून त्यांनी तिथं चुन्याची रेघ मारली.

पहिल्या दिवशी तिला चार मिनिटं लागली. धापा टाकत ती बांधावरच आडवी झाली.

"तीन मिनिटांच्या आत यायचंय," ती म्हणाली. "म्हणजे पंचवीस टक्के कमी करायचे. कसं होणार?"

"दर महिन्याला पाच टक्के कर," मी म्हणाले.

"पाच पाचे पंचवीस. पाच महिन्यांत झालं!"

मी मान हलवली. "मांडून बघ."

तिनं बांधावरच्या मातीत काडीनं मांडलं. दोनशे चाळीस सेकंदांतून पहिल्या महिन्याला बारा गेले. दुसऱ्या महिन्याला पाच टक्के उरलेल्या वेळेवर, म्हणून बाराही गेले नाहीत. पाचव्या महिन्याच्या शेवटी तीन मिनिटं सहा सेकंद उरले.

"हे सहा सेकंद कुठून आले?" ती चिडली. "म्हणजे मी जितकी सुधारेन तितकं सुधारणं कमी कमी होणार?"

"कमी होतं, पण थांबत नाही. सहावा महिना लागेल एवढंच."

सहावाच लागला. मी घड्याळ धरून बसायचे आणि ती माझ्याकडे न बघता पळायची. सुरुवातीला गावातली माणसं बघून हसायची. पुढं पुढं दूध घालायला जाणारे थांबून विचारायला लागले, "आज किती, ताई?"

मैदानी चाचणीसाठी नगरला पहाटे पाचला हजर व्हायचं होतं. आदल्या दिवशी एसटीनं जाऊन पाहुण्यांकडं राहावं असं माझं म्हणणं. मिस्टर ऐकेनात. "एसटीत बसून बसून दोन सूत जातील. पाहुण्यांकडं गप्पा मारून आणखी एक." त्यांनी सिमेंट वाहणाऱ्या मित्राची पिकअप गाडी ठरवली. मागं गादी टाकली आणि पोरीला आडवं झोपवून न्यायचं असं ठरवून टाकलं.

"आणि पोलिसांनी अडवलं तर?" मी विचारलं.

"पोलीस होनार हाय म्हनून सांगू."

असे आम्ही रात्री शेवगावहून निघालो. मिस्टर पुढं ड्रायव्हरजवळ, मागं गादीवर मुलगी आणि तिच्या उशाशी मी. करंजीच्या घाटात गाडी वळली की गादी सरकायची आणि मी पोरीला खांद्याला धरून ठेवायचे. मिस्टर मागच्या काचेवर टकटक करत. "सरळ हाय ना?"

"आई, मी काय फरशी आहे का?" ती म्हणाली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर बराच वेळ तिनं माझा हात सोडला नाही.

मैदानाच्या फाटकावर ती आत गेली आणि आम्ही बाहेर चहाच्या टपरीजवळ बसलो. लवकर बाहेर येणारी मुलगी म्हणजे उंचीत गेलेली, हे आम्हाला तिथल्या इतर आईबापांकडून कळलं. मग फाटकाची कडी वाजली की मी उठून बघायचे. ऊन चढत होतं. आत पोरगी किती वेळ उभी असेल, किती सुतं गेली असतील, या विचारात मिस्टरांचा हात खिशातल्या टेपवर होता.

एक मुलगी रडत बाहेर आली. तिच्यासोबत कुणीच नव्हतं. मी तिला बोलावून पाणी दिलं. जामखेडकडची, आईबाप ऊसतोडीला गेलेले.

"किती कमी पडलं बाळा?"

"अर्धा सेंटिमीटर. घरी मोजलं तेव्हा बरोबर होती, काकू."

"आलीस कशी?"

"रात्रभर एसटीत बसून."

डबा उघडून मी तिला भाकरी आणि ठेचा दिला, आणि ती खात असताना आम्हाला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं. सकाळचं माप, आडवं झोपणं, बसून प्रवास टाळणं. ती घास हातात धरून ऐकत राहिली. "हे मला कुणी सांगितलंच नाही," म्हणाली. मिस्टर तिला स्टँडपर्यंत सोडून आले. तिचं पुढं काय झालं ते कळलं नाही.

आमची बाहेर आली तेव्हा दुपार कलली होती. पायाला धूळ, बूट हातात.

"उंची?" मिस्टर उठून उभे राहिले.

"भरली!"

"किती आली?"

"मॅडमनी आकडा सांगितला नाही. नुसतं 'पुढे चला' म्हणाल्या. आणि तीन मिनिटांच्या आत पळाले, आई."

मिस्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. परतताना ती गादीवर गाढ झोपली. मिस्टर मात्र काच सरकवून मला दोनदा म्हणाले, "आकडा इचारायला पायजे हुता."

त्या वर्षी ती लेखी परीक्षेत मागं पडली. तिसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पुस्तकं उघडली. पुढच्या भरतीला ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली, एकटी, मैत्रिणीच्या खोलीवर आदल्या दिवशी मुक्काम करून. यावेळी निवड झाली. आता ती प्रशिक्षणाला आहे आणि रविवारी फोन करते. पाय दुखतात म्हणते, जेवण बेचव म्हणते, आणि आवाजात मात्र एक नवी ऐट असते.

ती गेल्यावर घर फार मोकळं वाटायला लागलं. मिस्टरांनाही करमेना. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी वाळू-सिमेंट आणलं आणि माझ्यासाठी स्वयंपाकाचा ओटा बांधायला काढला. आयुष्यभर लोकांचे ओटे बांधले, आमच्या घरात मी अजून खाली बसूनच रांधत होते.

"हात कोपरात वाकव," ते म्हणाले. मी वाकवला. जमिनीपासून कोपरापर्यंत त्यांनी टेप धरला, जरा विचार केला.

"लोकांना मी तेहतीस इंच ठेवतो. तुला एकतीस."

"सेंटिमीटरमध्ये किती?" मी विचारलं.

"ते तू काढ," ते म्हणाले आणि विटा भिजवायला गेले.