आठव्या नॉचचा धूर

मालगाडीचं जुनं डिझेल इंजिन कसं चालतं, हे मी कुणालाही पाच मिनिटांत समजावून देते. लोकांना वाटतं, ट्रकसारखं इंजिन फिरलं की चाकं फिरतात. तसं नाही. सोळा सिलिंडरचं ते धूड नुसती वीज तयार करतं. चाकं फिरवतात त्या खालच्या सहा मोटरी. ताकद वाढवायच्या हँडलला आठ घरं असतात, त्यांना आम्ही नॉच म्हणतो. नॉच घाईनं वाढवले तर डिझेल लगेच पोचतं, हवा मागून येते आणि अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन बाहेर पडतं. बघणाऱ्याला ती ताकद वाटते. चांगल्या ड्रायव्हरला त्याची लाज वाटते.

हे सगळं मला पाठ होतं. तरी मी एकदा ते केलं, तेही सासूबाईंसमोर.

सौंसरची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, जाऊन मोठी आली होती, विजेची वरची तार अजून यायची होती, म्हणून गाड्या डिझेलवरच चालत. रामाकोन्याजवळ ही लाइन आमच्या कापसाच्या शेताला लागून जाते. सासूबाईंनी फर्मान काढलं होतं, "वेचणी झाली का सोडून दे ते नोकरी. बाईचं काम नाही ते." मला नोकरी सोडायची नव्हती. ड्रायव्हरची खुर्ची मी घासून मिळवली होती.

एका सकाळी पुढे काम चालू असल्यामुळे गिट्टीनं भरलेली माझी गाडी नेमकी आमच्या शेताशी, चढावर थांबली. सासूबाई कमरेच्या ओटीत कापूस घेऊन बायांसोबत धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आल्या. झेंडी मिळाली आणि माझ्या अंगात आलं. दाखवतेच, म्हणत एका दमात आठव्या नॉचवर गेले. काळा लोट उठला, बाया बघत राहिल्या आणि चाकं जागच्या जागी गरगरली. गाडी तसूभर हलली नाही.

माझा असिस्टंट समोर बघत म्हणाला, "मॅडम, वाळू?"

हँडल शून्यावर आणलं. चाकांना पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू सोडली. मग एक नॉच, थांबले, मोटरींच्या विजेचा काटा स्थिर होऊ दिला. दुसरा. पुन्हा थांबले. गाडी निघाली, पण माझे कान तापले होते. नोकरी मीच घालवली, असं वाटलं.

संध्याकाळी सासूबाई पदरावरची काजळी झटकत होत्या.

"बाया म्हणे, काय ताकद आहे. मी म्हटलं, ताकद कायची, गाडी तं जागची हालली नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "मंग सावकाश घेतली, तवा निंगाली. भरली बैलबंडी असीच काढा लागते. आता मी सोड म्हणत नाही. पण माह्या कापसावर काजळी पाडली तं पाहाय मंग."

पुढच्या आठवड्यात तोच चढ मी बिनधुराचा काढला. खिडकीतून बघितलं. सासूबाई वेचत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.