खिडकीची आतली बाजू

येरमाळ्याच्या अलीकडं, हमरस्त्याला लागून आमच्या गावची जुनी कचेरी आहे. कोणत्या खात्याची ते सांगत नाही. पेन्शन अजून चालू आहे. तिथं मी सव्वीस वर्षं कारकून होतो. हॉलमध्ये अर्धी भिंत, तिच्यावर थेट तुळईपर्यंत गज, गजांमध्ये कागद सरकवण्यापुरती खिडकी आणि खिडकीमागं मी. लोक मला भाऊसाहेब म्हणायचे आणि मी लोकांना ‘उद्या या’ म्हणायचो.

मी निवृत्त झालो, कचेरी तालुक्याला नव्या इमारतीत गेली आणि ही इमारत ग्रामपंचायतीकडं आली. एक दिवस सरपंच घरी आले. चहा घेता घेता माझ्यापुढं किल्ली ठेवून म्हणाले, “भाऊसाहेब, तिथं गावासाठी शिक्षण केंद्र काढू. पेपर, पुस्तकं, दोन कॉम्प्युटर, बायांना अक्षरओळख. तुम्हीच बघा. पण दिवाळीपर्यंत माणसं आली पायजेत. न्हाय आली, तर खतवाला गोडाऊनसाठी जागा मागायलाय.”

खतवाला टेप लावून हॉल मोजूनही गेला होता. माझं डोकंच फिरलं. जिथं जन्म घालवला तिथं युरियाची पोती? मी कंबर कसली.

दप्तरखान्यातले लाल फडक्यातले गठ्ठे तालुक्याला गेले होते, त्याच मांडण्यांवर पुस्तकं लावली. साहेबांच्या खोलीत कॉम्प्युटर आले. भिंतींना आणि तुळईलाही चुना मारला. माझं टेबल मात्र जुन्या जागीच ठेवलं, खिडकीमागं. दुसरीकडं बसायचं सुचलंच नाही. वर शिस्त हवी म्हणून प्रवेश अर्जाच्या पाचशे प्रती छापून घेतल्या. सोबत दोन फोटो आणि आधारची झेरॉक्स.

“पेपर वाचायला फोटो कशाला?” बायको म्हणाली. “तोंड बघून बातम्या बदलून देणार का?”

तुला कामकाजातलं काही कळत नाही, असं मी तिला सुनावलं. हे वाक्य मी लग्नापासून म्हणतोय आणि लग्नापासून ते खोटं ठरतंय.

दोन महिने गेले. गणपती आले आणि गेले. लोक येत नव्हते असं नाही, पण खिडकीपर्यंतच. बाहेर चपला काढायचे, गजांतून डोकवायचे, मला बघायचे आणि निघून जायचे.

मग एका दुपारी शेळ्या राखणाऱ्या एक मावशी खिडकीशी येऊन उभ्या राहिल्या.

“बायांना लिवाय-वाचाय शिकवायलेत म्हणं हितं?”

“होय मावशी. आत या की.”

“नगं, हितंच बरं हाय. उद्या येऊ का मग?”

“उद्या कशाला? आजच या.”

त्या हसल्या. “तुमीच म्हणायचे की, भाऊसाहेब. एका दाखल्यापायी सात खेपा घातल्या म्या. पाचव्या खेपेला शेळी व्यायला झालती, तिला तशीच टाकून आले. तुमी डबा खात होते. म्हणले, उद्या या.”

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर भांडता तरी आलं असतं. मला ना त्या आठवत होत्या, ना त्यांचा दाखला. खरं सांगतो, मला लाज वाटली. त्या दिवशी घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. गज कापले, अर्धी भिंत पाडायला घेतली. पहिला घाव मी घातला आणि लगेच पाठ धरली, म्हणून बाकीचे त्यानं घातले. टेबल दप्तरखान्यात गेलं. बायकोनं घरची सतरंजी आणून अंथरली आणि म्हणाली, “बसा आता खाली, सगळ्यांबरोबर.” अर्जांच्या कोऱ्या पाठीवर बाराखडी गिरवायला दिली. पाचशे प्रती सत्कारणी लागल्या.

मावशी आल्या, येताना दोघींना घेऊन आल्या. मग त्या दोघींच्या सुना कॉम्प्युटरसाठी आल्या. दिवाळीच्या तोंडावर सरपंच बघायला आले, तर त्यांना दारात चपला काढायला जागा नव्हती. खतवाल्यानं दुसरीकडं शेड बघितलं.

संक्रांतीच्या सुमारास एकदा मावशी गिरवायचं सोडून वर बघत बसल्या. खिडकी होती तिथल्या तुळईवर तेलरंगानं लिहिलेली जुनी ओळ चुन्यातून पुन्हा वर आली होती. ओळ लोकांच्या बाजूला होती. मी कायम आतल्या बाजूला बसलेला, मला ती कधी वाचावी लागली नव्हती.

मावशी हवेत बोट फिरवत एकेक अक्षर लावू लागल्या. “प... र... वा... न... गी... शिवाय... आत येऊ नये.”

मग त्या माझ्याकडं वळल्या.

“हे आदीपासून हाय व्हय?”

“होय.”

“तवा वाचता येत न्हवतं,” मावशी म्हणाल्या, “पण कळत हुतं.”

मी चुना आणि कुंचला आणायला उठलो.

“बसा भाऊसाहेब,” त्या म्हणाल्या. “ह्या बायांचं बी वाचून होऊ द्या. उद्या पुसा.”